पावसाळ्याची बेगमी आणि पुराची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देशावर बेगमी म्हणतात, कोकणात आगोट, गोव्यात पुरुमेंत. मे महिन्यात घर भरून ठेवायची ही जुनी रीत आहे. पूर्वी ती चार महिने वाट बंद होणार म्हणून होती. आता वाट बंद होते ती चार-आठ दिवस, पण त्या दिवसांत वीज, गिरणी, नळ, दूधगाडी आणि मोबाइल हे सगळं एकदम जातं. खालचे प्रश्न दर वर्षी एप्रिलपासून येत राहतात. नदीकाठची गावं, कोकणातल्या वाड्या आणि शहरांतले सखल भाग डोळ्यांपुढे ठेवून उत्तरं दिली आहेत.

१. बेगमी नेमकी किती दिवसांची करायची?

तुमच्या घरापर्यंतची वाट किती दिवस बंद राहू शकते, त्यावर हे ठरतं. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पाण्यात शहरातली घरं दोन-तीन दिवस अडकतात, म्हणून शहरात चार दिवसांची तयारी पुरते. कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात पाणी चढायलाही वेळ घेतं आणि उतरायलाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गच कित्येक दिवस बंद होता. त्यामुळे सांगली, कोल्हापूर, शिरोळ, पलूस या बाजूला दहा दिवस धरा. साकवापलीकडच्या किंवा घाटाखालच्या वाडीला पंधरा दिवस. इथून पुढचे आकडे दहा दिवसांचे आहेत, तुमच्या दिवसांप्रमाणे कमी-जास्त करा.

२. दोन मोठी माणसं, दोन मुलं. दहा दिवसांना काय किती लागेल?

तांदूळ ६ किलो, पोहे २ किलो, दळलेलं पीठ ४ किलो, रवा १ किलो, चुरमुरे १ किलो. डाळी अडीच किलो, त्यात निम्मी मूगडाळ, कारण ती तुरीपेक्षा लवकर शिजते आणि गॅस वाचतो. तेल दीड लिटर, शेंगदाणे १ किलो, गूळ १ किलो, साखर १ किलो, मीठ १ किलो, चहा पाव किलो, दूध पावडर अर्धा किलो. कांदे-बटाटे मिळून ५ किलो. तिखट, हळद आणि मसाला रोजच्या डब्यांत असतोच, फक्त डबा अर्ध्यावर येऊ देऊ नका.

शिवाय न शिजवता खाता येईल असं दोन दिवसांचं वेगळं काढून ठेवा: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लाडू, बिस्किटं, भाजक्या पिठाचा डबा, लोणचं. ज्या दिवशी घरात पाणी शिरतं त्या दिवशी चूल पेटत नाही. मुलांना तेव्हा चुरमुरे आणि गूळ-शेंगदाणे हातात देता येतात.

३. घरात वर्षाचं गव्हाचं पोतं आहे. मग वेगळं कशाला?

कारण गिरणीला लाईट नसते. भरलेली कोठी असूनही चपातीला पीठ नाही अशी वेळ पूरभागात घरोघरी येते. बेगमीचा सामानसुमान म्हणून विचार करताना प्रत्येक जिन्नसाला चार प्रश्न विचारा. दळायला लागतं का? फ्रिज लागतो का? शिजायला किती वेळ लागतो? धुवायला-शिजवायला पाणी किती लागतं? तांदूळ, मूगडाळ, पोहे आणि रवा यांतून पार होतात. गहू, अख्खे हरभरे, छोले आणि राजमा अडकतात. छोले रात्रभर भिजवून, कुकरच्या सहा-सात शिट्ट्या करून, वर दोनदा पाणी बदलून खायचे म्हणजे पुराच्या दिवसांत चैन झाली.

गहू जरूर ठेवा, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरात किमान ४ किलो पीठ दळलेलं असू द्या. रोज वापरत जा, संपायच्या आत पुढचं दळून आणा. ज्वारी-बाजरीच्या पिठाचं काय, ते सातव्या प्रश्नात आहे.

४. पाणी किती आणि कशात साठवायचं?

पिण्याला माणशी ३ लिटर आणि स्वयंपाकाला २ लिटर, म्हणजे रोजचे ५ लिटर. चौघांना दहा दिवसांचे २०० लिटर झाले. हा आकडा बघून लोक दचकतात, पण एक मोठा ड्रम भरला की काम झालं. तरीही सगळं एका ड्रममध्ये भरू नका. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन, ते कुणाला उचलता येणार नाही आणि ड्रमात एकदा पुराचं पाणी गेलं की सगळंच वाया. निम्मं वीस-वीस लिटरच्या झाकणाच्या कॅनमध्ये भरा, म्हणजे वरच्या मजल्यावर नेता येतं. कॅन खाण्याच्या वस्तूंचेच हवेत. औषधफवारणीचा, रंगाचा किंवा ॲसिडचा कॅन कितीही धुतला तरी चालत नाही.

एरवी महिन्याने पाणी बदला, काढलेलं झाडांना घाला. जोराच्या पावसाचा इशारा आला की पुन्हा ताजं भरा. पाणीपुरवठ्याची उपसा केंद्रं नदीकाठीच असतात, ती बुडाली की नळ आधी जातो. तेव्हा नळ सुरू असतानाच बादल्या, पातेली, टाकी, सगळं भरून घ्यायचं.

भांडी, कपडे आणि संडास यांना पागोळ्यांचं पाणी धरा. पहिली दहा-पंधरा मिनिटं वाहून जाऊ द्या, छपराची घाण निघून जाते. मग पागोळीखाली पिंप ठेवा, वर जुन्या साडीचं फडकं बांधा.

५. विहीर बुडाली, नळाला गढूळ पाणी येतंय. पिण्याजोगं कसं करायचं? घरात फिल्टर आहे.

विजेवरचा फिल्टर लाईट गेली की बंद. लाईट आली तरी गढूळ पाण्यात अतिनील दिव्याचा उजेड पोचत नाही आणि मेंब्रेन गाळाने तुंबते. म्हणून हातानेच करायचं, आणि क्रम महत्त्वाचा आहे.

आधी तुरटी. घागरीच्या पाण्यात खडा पाच-सहा वेळा गोल फिरवा आणि दोन तास हलवू नका. गाळ तळाशी बसतो. वरचं पाणी स्वच्छ सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा. मग उकळा. खळखळून उकळी फुटली की आणखी एक-दोन मिनिटं पुरतात. वीस मिनिटं उकळत ठेवायचा सल्ला अजून ऐकू येतो, पण त्यात गॅस संपतो, जास्त काही साधत नाही.

उकळणं शक्य नसेल तर क्लोरीन. ग्रामपंचायतीकडून किंवा आशाताईंकडून मिळणारं मेडिक्लोर (बाटलीतलं क्लोरीनचं द्रावण) असेल तर बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळा. टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) वापरणार असाल तर १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या ड्रमला १ ग्रॅम. पावडर थेट ड्रममध्ये टाकू नका. वाटीत थोड्या पाण्यात कालवा, तांब्याभर पाणी घाला, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळ तेवढी ड्रममध्ये ओता. अर्धा तास थांबून प्या. पाण्याला क्लोरीनचा किंचित वास यायला हवा. वास अजिबात येत नसेल तर पावडर मेलेली आहे किंवा पाणी फार घाण आहे. टीसीएलचं तोंड उघडं राहिलं की त्यातला क्लोरीन उडून जातो, गेल्या वर्षीच्या उघड्या पुडीवर विश्वास ठेवू नका.

क्लोरीन जंतू मारतो. शेतातली औषधं, डिझेल किंवा कारखान्याचं पाणी मिसळलं असेल तर ते उकळूनही जात नाही आणि क्लोरीननेही नाही. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा औषधाचा वास असेल तर ते पिऊ नका. विहिरीचा पूर्ण उपसा होईपर्यंत टँकरचं पाणी घ्या.

६. धान्याला दर वर्षी कीड लागते. काय चुकतं?

बहुतेक वेळा वाळवण कमी पडतं, किंवा वाळवून गरम-गरमच भरलं जातं. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर कापडावर पातळ पसरा. दोन-तीन दिवस ऊन द्या, तासा-दोन तासांनी हात फिरवा. वाळलं की नाही ते दाताखाली कळतं: दाणा कट् करून तुटला तर वाळला, दबला तर अजून ओल आहे. मग संध्याकाळी लगेच कोठीत ओतायचं नाही. रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम धान्य बंद डब्यात भरलं की त्याला घाम सुटतो, झाकणाच्या आतून थेंब धरतात आणि तिथूनच बुरशी आणि सोंडे सुरू होतात.

कोठी आधी रिकामी करून झाडा. कोपऱ्यातले जुने चार दाणे नव्या पोत्याला कीड देतात. धुतली तर दोन दिवस उन्हात उपडी ठेवा. जुनं आणि नवं धान्य कधीच एकत्र करू नका.

डाळी आणि कडधान्यांना एरंडेल चोळा, किलोला ५ मिली, म्हणजे लहान चमचाभर. परातीत घेऊन दोन्ही हातांनी इतकं चोळायचं की प्रत्येक दाण्यावर नुसती चमक दिसावी, बोटाला तेल लागू नये. भुंगेरे अंडी दाण्याच्या वर चिकटवतात. तेलाच्या थराने ती अंडी घुसमटतात, म्हणून हा उपाय कडधान्यावर चांगला चालतो. तांदळाच्या सोंड्याचं तसं नाही, तो दाण्याच्या आत भोक पाडून अंडं घालतो. त्याला घट्ट झाकण आणि कोरडेपणा हाच उपाय. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवून घाला. ओला पाला घातला तर त्याच्याच ओलीने धान्य बिघडतं.

७. पीठ, रवा, पोहे, डाळ किती दिवस टिकतात?

वाळवून बंद ठेवलेले गहू आणि तांदूळ वर्षभर सहज. तेल चोळलेल्या डाळी आठ-दहा महिने. गव्हाचं पीठ पावसाळ्यात महिनाभर. ज्वारी-बाजरीचं पीठ मात्र आठ-दहा दिवसांतच कडू होऊ लागतं, कारण दाण्यातला स्निग्धांश दळल्यावर हवेला उघडा पडतो. म्हणून बेगमीचं पीठ गव्हाचं किंवा तांदळाचं ठेवा, भाकरीची सवय असेल त्यांनीही.

रवा कोरडा भाजून गार करून भरला तर दोन-तीन महिने जातो. फ्रिज असेल तर रव्याची-बेसनाची पिशवी आणल्यावर चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवा, आतली अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवीवरचं पाणी सुकल्याशिवाय तोंड उघडू नका. शेंगदाणे कच्चे ठेवण्यापेक्षा भाजून ठेवा. सुके बोंबील, सुकट आणि जवळा कडक उन्हात पुन्हा एकदा वाळवून घट्ट बरणीत भरा. बोटाने मोडून बघा, लवला तर अजून वाळायचा आहे.

८. दुकानात धान्यात ठेवायच्या गोळ्या मिळतात. त्या टाकू का?

कोणत्या, यावर आहे. ज्या गोळीला ओल लागली की वायू सुटतो, त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणूच नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणूस मारतो आणि त्यावर उतारा नाही. कोठी शेजारच्या खोलीत असली तरी वायू दाराच्या फटीतून झोपायच्या खोलीत येतो. या गोळ्या बंद गोदामात, शिकलेल्या माणसाने वापरायच्या आहेत. शेजारच्यांनी वापरल्या आणि काही झालं नाही, हे कारण होत नाही. पुराच्या पाण्यात अशा गोळ्यांचा डबा भिजला तर काय होईल, एवढा विचार करा.

पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत आहे, पण बोरिक हे खाण्याचं नाही आणि पूरकाळात तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुवायला पाणी नसतं. बेगमीच्या तांदळाला ती लावू नका. सहाव्या प्रश्नातली पद्धत नीट केली तर यातल्या कशाचीच गरज पडत नाही.

९. सामान ठेवायचं कुठे? दर वेळी खालचंच भिजतं.

आधी तुमच्या घराची रेषा शोधा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका पातळी आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. पण धोक्याची पातळी म्हणजे तुमचा उंबरा नव्हे. शेजारच्या जुन्या माणसांना विचारा: पुलाला किती फूट झाल्यावर आपल्या गल्लीत पाणी येतं, आणि किती फुटांना उंबरा चढतं? तो आकडा कपाटाच्या दाराच्या आत खडूने लिहून ठेवा. २०१९ ला सांगलीत पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. त्या वेळी तुमच्या भिंतीवर पाणी कुठवर होतं, ती खूण पुसू नका, रंग देतानाही.

बेगमी त्या खुणेच्या किमान दोन फूट वर हवी. माळा असेल तर माळ्यावर, नाहीतर भिंतीत मजबूत फळी. जड डबे भिंतीलगत, रोज लागणारे पुढे. प्रत्येक डब्यात जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून दोऱ्याने बांधा आणि मग झाकण लावा, म्हणजे डबा पडला तरी माल वाचतो. खूणच माळ्याच्या वर असेल, तर बेगमी त्या घरात ठेवायचीच नाही. उंचावरच्या नातेवाइकाकडे दोन डबे ठेवा आणि घरात फक्त उचलायची पिशवी (प्रश्न १५).

१०. हे सगळं एकदम घ्यायला पैसे नाहीत.

एकदम घ्यायचं नसतंच. मार्चपासून दर आठवडी बाजाराला नेहमीच्या खरेदीपेक्षा एकच जिन्नस जास्त घ्या: एकदा तांदूळ किलोभर, पुढच्या वेळी मूगडाळ अर्धा किलो, मग तेलाची पिशवी. रेशनचा तांदूळ आला की त्यातले दोन किलो डब्यात टाका. जूनपर्यंत डबे भरतात. जुनं आधी खायचं आणि नवं मागे ठेवायचं, म्हणजे वेगळं काही टाकून द्यावं लागत नाही. ऑक्टोबरात सगळं रोजच्या स्वयंपाकात येतं.

११. गॅस सिलिंडरचं काय करायचं? तो तर जड असतो.

जड असतो आणि तरंगतोही. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण ३० किलोचा, पण त्याचं आकारमान एवढं असतं की पाणी आलं की तो उचलला जातो, आडवा होतो आणि नळी ताणून तोडतो. त्यामुळे पाणी दारात यायच्या आधी रेग्युलेटर बंद करून काढा, तोंडावर टोपी दोरीसकट घट्ट बसवा आणि सिलिंडर माळ्यावर न्या. नेता येत नसेल तर खिडकीच्या गजाला कमरेला आणि वर असा दोन ठिकाणी उभा बांधा.

पाण्याखाली गेलेला रेग्युलेटर आणि नळी परत वापरू नका. आत गाळ बसतो आणि गळती होते. सिलिंडर एजन्सीकडून तपासून घ्या. गळतीचा वास आला तर दारं-खिडक्या उघडा, एकही बटण चालू किंवा बंद करू नका, बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

भरलेला जादा सिलिंडर जूनमध्येच घरात हवा. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून कुकरला लावले तर गॅस बराच वाचतो. खोलीत बंद दाराआड शेगडीत कोळसा पेटवू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूने झोपेत जीव जातो.

१२. लाईट कधी बंद करायची? इन्व्हर्टर तर लागतोच ना?

पाणी गल्लीत आलं की मेन स्विच बंद. उंबरा चढायची वाट बघू नका. पायाखाली पाणी असताना बोर्डाला हात लावणं हीच सगळ्यात मोठी चूक. तसं झालं असेल तर स्विचकडे न जाता घराबाहेर पडा आणि १९१२ ला कळवून बाहेरून पुरवठा तोडायला सांगा.

इन्व्हर्टरची बॅटरी बहुतेक घरांत जमिनीवर असते. मेन बंद केल्यावरही तिच्यामुळे घरातल्या तारा जिवंत राहतात, हे लक्षात येत नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मग बॅटरीच्या तारा काढा, मग ती वर चढवा. पाणी ओसरल्यावर वायरमनने बोर्ड उघडून सुकवून तपासल्याशिवाय मेन चालू करू नका. वरून कोरडा दिसणारा बोर्ड आतल्या पाइपात ओला असतो.

उजेडाला चार्जिंगचे दोन दिवे, सेलवर चालणारी एक बॅटरी, आणि सेल दिव्याबाहेर काढून ठेवलेले. आत राहिलेले सेल फुटून गंजतात. मोबाइलला एक पॉवर बँक. टॉवर बंद पडले की यूपीआय चालत नाही, म्हणून दहा, वीस, पन्नासच्या नोटांत दोन-तीन हजार रुपये घरात असू द्या.

१३. रोजची औषधं आणि इन्शुलिन?

बीपी, साखर, थायरॉइड, दमा, फिट, यातलं जे चालू असेल ते जूनपासून नेहमी पंधरा दिवसांचं पुढचं घरात. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक प्रत पिशवीत.

न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, पण वापरात असलेली कुपी घरातल्या साध्या तापमानाला, ३० अंशांच्या आत, साधारण चार आठवडे चालते. त्यामुळे लाईट गेली म्हणून डोस चुकवू नका. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, लहान मडक्यात प्लास्टिकच्या पिशवीत इन्शुलिन, वर ओलं फडकं. पावसाळी हवेत हे फार गार होत नाही, पण तापू देत नाही. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्शुलिन वाया जातं.

जुलाबासाठी ओआरएसची दहा पाकिटं. ती संपली तर १ लिटर पिण्याच्या पाण्यात सपाट ६ लहान चमचे (५ मिलीचे) साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर बाळाला घातक ठरतं, म्हणून चमचा सपाट करूनच मोजा. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाला तेच देत राहा. पॅड आणि लंगोट बेगमीच्या यादीत लिहा, ते हमखास विसरतात.

१४. पाणी घरात आलं नाही, पण संडासातून वर आलं. असं होतं का?

होतं, आणि बहुतेकांना ते अनपेक्षित असतं. टाकी किंवा गटार भरलं की मैला उलटा भांड्यातून आणि मोरीच्या जाळीतून घरात येतो. पुराचा इशारा मिळाला की प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून संडासाच्या भांड्यात घट्ट बसवा, मोरीवर दुसरी पिशवी. तोवर झाकणाची बादली, आत जाड पिशवी, आणि प्रत्येक वेळी वरून राख किंवा चुना. पिशवी बांधून बाजूला ठेवा, पुराच्या पाण्यात सोडू नका. तेच पाणी पुढच्या गल्लीची विहीर भरतं.

१५. घर सोडायला लागलं तर काय उचलायचं, आणि कधी?

एक पिशवी, खांद्याला अडकवता येईल अशी, दाराजवळ. आत: औषधं, कागदपत्रं, रोख, बॅटरी, पॉवर बँक, माणशी एक जोड कपडे, दोन लिटर पाणी, कोरडा खाऊ, शिट्टी. कागदपत्रांत रेशन कार्ड, आधार, पासबुक, विमा, सातबारा, मुलांचे दाखले. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत एकात एक, तोंड खाली दुमडून. सगळ्यांचे फोटो डिजिलॉकरमध्ये किंवा परगावच्या नातेवाइकाच्या फोनवर.

निघायची वेळ नवव्या प्रश्नातल्या आकड्यावरून ठरवा: उंबऱ्याच्या आकड्याला दोन फूट कमी असताना, आणि उजेड असताना. रात्री बोट मिळाली तरी तारा आणि कुंपणं दिसत नाहीत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी पहाटे चढलं आणि तळमजल्यावरच्या लोकांना सामान सोडाच, जिना गाठायलाही वेळ कमी पडला. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या आहेत, त्यांचं पाणी तासांत येतं. कृष्णेसारखे दोन दिवस मिळत नाहीत. वाशिष्ठी, सावित्री किंवा जगबुडीच्या काठी असाल तर रेड अलर्टच्या संध्याकाळीच वर जा.

अडकलात तर जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, आणि काहीच लागेना तर ११२.

१६. आमचं घर डोंगराच्या पायथ्याला आहे. पुराचा प्रश्न नाही.

दरडीचा आहे, आणि तिच्यासमोर बेगमीचा उपयोग नाही. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) या तिन्ही ठिकाणी जुलैच होता. जमिनीला नवी भेग, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा थांबणं, झाडं-खांब कलणं, दारं-खिडक्या अडकू लागणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी घर सोडा. पंधराव्या प्रश्नातली पिशवी घ्या, बाकी काही नाही.

१७. चौथ्या मजल्यावर राहतो. आम्हाला हे सगळं लागतं का?

घरात पाणी येणार नाही, पण पंप तळमजल्यावर असतो. तो बुडाला की वरच्या टाकीतलं पाणी एका दिवसात संपतं, लिफ्ट बंद, आणि वर पाणी चढवायचं ते जिन्याने. तुम्हाला धान्यापेक्षा पाण्याची तयारी जास्त हवी. शंभर लिटर कॅनमध्ये ठेवा. सोसायटीत ठरवून वरच्या टाकीचा कॉक इशारा मिळाल्यावर अर्धा बंद करा. शिवाय तळमजल्यावरची कुटुंबं तुमच्याकडेच येणार आहेत, त्यांचा तांदूळ धरून ठेवा.

१८. गोठ्यात दोन म्हशी आहेत.

मोठ्या जनावराला रोज १० ते १२ किलो वाळलेला चारा लागतो. दोन जनावरांना दहा दिवसांचा मिळून दोनशे-अडीचशे किलो कडबा उंचावर, ताडपत्रीखाली, खाली लाकडं टाकून. मुरघासाच्या बंद पिशव्या असतील तर उत्तम, त्या भिजत नाहीत. भिजून काळा पडलेला, बुरशीचा कडबा घालू नका. जनावरं माणसांच्या आधी हलवा. तेही जमलं नाही तर दावं कापून सोडा. बांधलेली जनावरं जागीच बुडतात, सोडलेली बहुतेक पोहून उंच गाठतात.

१९. पाणी ओसरलं. भिजलेलं धान्य वाळवून खाल्लं तर?

नाही. पुराचं पाणी म्हणजे गटार, मेलेली जनावरं, शेतातली औषधं. पोतं वरून वाळलं तरी आतला गड्डा ओला राहतो आणि दोन दिवसांत हिरवट-काळी बुरशी धरते. तिचं विष भाजूनही जात नाही, शिजवूनही नाही. शेंगदाणे आणि मका टाकून देताना तर हात राखूच नका. असं धान्य जनावरांनाही नको.

अपवाद दोनच. फॅक्टरीत सीलबंद झालेला पत्र्याचा डबा, फुगलेला-गंजलेला-चेमटलेला नसेल तर साबणाने धुऊन, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून, कोरडा करून मगच उघडा. दुसरा, नवव्या प्रश्नाप्रमाणे पिशवीत बांधलेला माल, पिशवीच्या आत एकही थेंब नसेल तर. आट्याच्या बाजारी पिशव्या यात बसत नाहीत, त्यांच्या शिवणीतून पाणी आत जातं. फिरकीचं झाकण असलेल्या बरण्याही नाहीत, आट्यांत घाण अडकून राहते.

फेकायच्या आधी फोटो काढा: पोती, डबे, भिंतीवरची पाण्याची रेषा, दारातून आत दिसणारी खोली. पंचनाम्याला येणाऱ्या तलाठ्यांना दाखवायला हेच लागतं, आणि साफसफाई झाल्यावर दाखवायला काही उरत नाही.

साफ करताना गमबूट घाला. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो. अनवाणी उतरलाच असाल तर ताप यायची वाट न बघता आरोग्य केंद्रात जाऊन गोळीबद्दल विचारा. अडगळ उचलताना आधी काठी फिरवा, साप कोरड्या जागेच्या शोधात कपाटामागे, पोत्यांखाली बसलेले असतात. चावलाच तर दोरी आवळून बांधू नका, हात-पाय हलवू देऊ नका, सरकारी दवाखाना गाठा.